छायालेखकाचे घर: मराठी चित्रपटाच्या आरंभकाळातील एक दुर्लक्षित कार्यशाळा

मराठी चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने प्रदर्शित चित्रपट, त्यांचे दिग्दर्शक आणि त्या काळच्या कंपन्या यांच्या आधारे लिहिला गेला आहे. त्यामुळे कॅमेरा चालवणारा, प्रकाशाचा अंदाज घेणारा आणि टिपलेली फिल्म धुऊन तिच्यातून पडद्यावर दाखवण्याजोगी प्रत तयार करणारा छायालेखक या इतिहासात बहुधा श्रेयनामावलीतील एका नावापुरताच उरतो आणि त्याच्या घराची तर नोंदही होत नाही. वास्तविक मूकपटांच्या पहिल्या काही वर्षांत या व्यवसायाला स्वतःची वास्तू नव्हती. राहते घर, त्याचे अंगण आणि त्यातील माणसे हीच त्याची साधने होती. या गृहजीवनाची माहिती सरकारी कागदपत्रांत किंवा जाहिरातींत क्वचितच सापडते; ती टिकली आहे ती सहकाऱ्यांच्या, मित्रांच्या आणि कुटुंबीयांच्या आठवणींत. म्हणूनच या आठवणींकडे केवळ भावनिक ठेवा म्हणून न पाहता व्यवसायाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

या व्यवसायाचा प्रारंभ छायाचित्रकाराच्या स्टुडिओत झाला. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, अर्थात सावे दादा, या व्यावसायिक छायाचित्रकाराने इंग्लंडमधील रायली ब्रदर्सकडून 21 गिनी मोजून कॅमेरा मागवला. त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली, तसेच रँग्लर र. पु. परांजपे यांचे 1901 मधील मायदेशी आगमनही टिपले. तथापि कुस्तीची फिल्म धुण्यासाठी इंग्लंडलाच पाठवावी लागली होती. चित्रण येथे आणि रासायनिक प्रक्रिया परदेशात अशी विभागणी असेपर्यंत येथे चित्रपटाचा धंदा उभा राहणे शक्य नव्हते. हे संपूर्ण काम एका छपराखाली आणण्याचे श्रेय धुंडिराज गोविंद फाळके यांच्याकडे जाते, आणि ते छप्पर त्यांच्या राहत्या घराचे होते.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांना छायाचित्रण, मुद्रण आणि रंगकाम या तिन्ही कलांचा अनुभव होता. 1912 च्या आरंभी लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेरा, तसेच फिल्मला छिद्रे पाडण्याचे व प्रती छापण्याचे यंत्र यांची खरेदी ठरवली, कच्ची फिल्म मागवली आणि परत आल्यावर दादरच्या मुख्य रस्त्यावरील मथुरा भवन या घरात संसार आणि कारखाना एकत्रच मांडला. आज तोच रस्ता दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्ष कथापट काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीत रुजत घातलेल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत टिपली आणि भांडवल पुरवू शकतील अशा लोकांना ती दाखवली; म्हणजे त्यांच्या छायालेखनाचा पहिला विषयदेखील घरातल्याच एका कुंडीतून आला होता.

घरात चालणाऱ्या कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल ध्यानात येत नाही. 35 मिलिमीटर रुंदीची कच्ची फिल्म कोरी, म्हणजे कडेला छिद्रे नसलेली, येत असे. कॅमेऱ्यातील दाते याच छिद्रांत अडकून फिल्म पुढे सरकवत असल्याने चित्रणाआधी ती पाडून घ्यावी लागत आणि ती कमीअधिक अंतरावर पडली तर पडद्यावरचे चित्र थरथरत असे. प्रत्येक चित्रचौकटीला एका कडेला चार आणि एका फुटात सोळा चौकटी असा हिशेब धरला, तर सुमारे 3,700 फूट लांबीच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या फाळक्यांच्या कथापटाची एक प्रत तयार करण्यासाठी एका कडेला सव्वादोन लाखांहून अधिक छिद्रे लागतात. शिवाय हे सर्व अंधारातच करावे लागे. चित्रण झाल्यावर फिल्म रसायनात धुणे, ‘हायपो’ या द्रावणात ती स्थिर करणे, भरपूर पाण्यात खळाळून वाळवणे आणि मग तिला दुसरी न वापरलेली फिल्म भिडवून प्रकाशाच्या झोतातून नेत प्रत छापणे, असा हा क्रम असे. त्या काळची फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ दाद देत नसल्यामुळे काळोख्या खोलीत तांबडा दिवा चालत असे आणि एवढ्या एका सोयीमुळेच घरातली एखादी खोली प्रयोगशाळा होऊ शकत होती.

या प्रयोगशाळेच्या पहिल्या तंत्रज्ञ सरस्वतीबाई फाळके होत्या. पतीकडून शिकून घेऊन त्या रात्री काळोख्या खोलीत फिल्मला छिद्रे पाडत, रसायनांची मिश्रणे तयार करत आणि दिवसा चित्रण चालू असताना पांढऱ्या चादरी ताणून धरत, जेणेकरून उन्हाचा प्रकाश परावर्तित होऊन नटांच्या चेहऱ्यांवर पडावा. याखेरीज कंपनीतील साठ-सत्तर माणसांच्या जेवणाचा भार त्यांच्यावर होता आणि मुलांचा सांभाळही त्यांच्याकडेच होता. भांडवल अपुरे पडले तेव्हा त्यांनी आपले दागिने गहाण ठेवू दिले. फाळक्यांनीही आपल्या विमा पॉलिसीवर कर्ज काढले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ती सरस्वतीबाईंनी करावी असे फाळक्यांनी सुचवले होते, परंतु एवढी कामे अंगावर असताना तेही शक्य नाही म्हणून त्यांनी नकार दिला, असे सांगितले जाते. अखेर ती भूमिका एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये हा चित्रपट लोकांसाठी लागला, तेव्हा त्यामागे या घरातले दिवसरात्रीचे श्रम होते. त्यांचा उल्लेख मात्र पडद्यावर कोठेही नव्हता.

या घरात मैत्रीलाही धंद्याइतकेच स्थान होते. ‘राजा हरिश्चंद्र’चे छायालेखन करणारे त्र्यंबक तेलंग हे फाळक्यांच्या परिचयातले, त्यांना छायाचित्रण आणि कॅमेऱ्याची हाताळणी फाळक्यांनीच शिकवली. हाताने फिरवण्याच्या कॅमेऱ्याची मूठ सेकंदाला दोन फेऱ्या या वेगाने फिरवली की साधारणपणे सोळा चित्रे टिपली जात आणि हा ताल हाताला वळणी पडेपर्यंत सराव करावा लागे. असा सराव देणारी कोणतीही शाळा देशात नसल्याने गुरूच्या घरी राहून काम करणे हीच शिक्षणाची पद्धत होती. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटांनी घरात साडी नेसून वावरावे, तांदूळ निवडावेत, दळण करावे, अशी फाळक्यांची शिस्त असे. पुढे कंपनी नाशिकला गेल्यावरही हेच वळण राहिले. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झालेले भालचंद्र आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बालकृष्ण साकारणारी मंदाकिनी ही दोघे फाळक्यांचीच मुले होत.

कोल्हापुरात याच पद्धतीला कारागिरीची जोड मिळाली. मेस्त्री घराण्यातील बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेमामे बंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवत. प्रक्षेपकाची रचना न्याहाळून तिच्या आधारे स्वतःच कॅमेरा घडवावा, ही त्यांची जिद्द होती. 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी आर्थिक आधार दिला होता. येथे तयार झालेली माणसे एकमेकांना नात्याच्या हाकांनी ओळखत: दामले हे ‘दामलेमामा’ होते, फत्तेलाल हे ‘साहेबमामा’ आणि शांताराम हे ‘अण्णा’. काम, निवास आणि पंगत यांतील सीमारेषा पुसट असल्यामुळेच या आठवणींत कॅमेऱ्याची दुरुस्ती आणि घरगुती व्यवहार एकाच ओघात येतात.

1932 मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’बरोबर मराठी बोलपट आला आणि ही व्यवस्था मोडत गेली. ध्वनिमुद्रणासाठी बंदिस्त स्टुडिओ हवा होता, तर कृत्रिम प्रकाशासाठी विजेची मोठी सोय हवी होती. 1933 मध्ये प्रभात पुण्याला आली, तेव्हा फिल्म धुण्याचे काम घरापासून कायमचे वेगळे झालेले होते. केशवराव धायबर, ‘संत तुकाराम’चे छायालेखक व्ही. अवधूत यांसारखे तंत्रज्ञ आता कारखान्याच्या वेळापत्रकाने काम करू लागले. 1936 मध्ये मास्टर विनायक आणि बाबूराव पेंढारकर यांच्याबरोबर छायालेखक पांडुरंग नाईक हे हंस पिक्चर्सचे भागीदार झाले, यावरून या व्यवसायाची प्रतिष्ठा किती वाढली होती हे दिसते. छायालेखकाला नाव आणि भागीदारी मिळाली, मात्र ज्या घरातील माणसांनी आधीची दोन दशके हे काम पेलले होते, त्यांचे श्रम त्याच वेळी नोंदीबाहेर गेले.

आठवणींच्या साधनांना मर्यादा आहेत, हेही मान्य केले पाहिजे. स्वतः फाळक्यांनी 1917-18 मध्ये ‘नवयुग’ मासिकात चित्रपटविषयक लेख लिहिले. कंपनीसाठी भांडवल उभे करण्याच्या धडपडीचा तो काळ असल्याने त्यांत त्याग आणि स्वदेशी उद्योग यांच्यावर भर असणे स्वाभाविक होते. मित्र आणि शिष्य मागाहून बोलतात तेव्हा आदरापोटी गुरूचे दोष झाकले जातात आणि कुटुंबीयांच्या सांगण्यात हालअपेष्टा गडद होतात. म्हणून कोणतीही एक आठवण पुरावा म्हणून स्वीकारण्याऐवजी ती यंत्रांच्या कार्यपद्धतीशी, फिल्मच्या लांबीशी आणि समकालीन लेखांशी ताडून पाहावी लागते. तशी ती ताडून पाहिली असता सरस्वतीबाईंच्या कामाविषयीचे कथन कसोटीला उतरते, कारण एवढ्या लांबीच्या चित्रपटामागे जे श्रम अटळ होते, ते करणारी माणसे त्या घरात मोजकीच होती.

चित्रपट जतन करण्याचे कामही प्रथम घरांनीच केले. नायट्रेट फिल्म चटकन पेट घेणारी आणि काळाच्या ओघात विघटित होणारी असल्याने मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट झाला. पुण्यात 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांपर्यंत जाऊन जे तुकडे मिळवले, त्यांच्यामुळे आज फाळक्यांचे काम अंशतः तरी पाहता येते. अशाच प्रकारची पत्रे, हिशेबाच्या वह्या, छायाचित्रे आणि तोंडी आठवणी अनेक जुन्या तंत्रज्ञांच्या घरांत आजही असू शकतात. त्या कुटुंबांनी त्या रद्दीत न टाकता संग्रहालयांकडे सोपवाव्यात आणि मराठी चित्रपटाच्या पुढील इतिहासकारांनी सरस्वतीबाई फाळके यांचे नाव पत्नी म्हणून नव्हे, तर भारतीय चित्रपटाच्या पहिल्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ म्हणून लिहावे.