रानपिंगळा: कातडं, चिठ्ठी आणि फोटो

मंडळी, प्रमाणं शिकवताना धूर आणि डोंगराचं उदाहरण देण्यात माझी हयात गेली. आज मेळघाटातल्या २३ सेंटिमीटरच्या एका घुबडाचं देतो.

रानपिंगळ्याचं वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत मिळालेले नमुने बोटांवर मोजण्याइतके, त्यातले बरेचसे डेव्हिडसन यांनी खानदेशात टिपलेले. त्या काळी पक्षी 'आहे' हे सिद्ध करायचं म्हणजे तो मारायचा, कातडं भरायचं आणि पायाला चिठ्ठी बांधायची: जागा, तारीख, नाव. म्हणजे पक्षी प्रत्यक्ष, पण चिठ्ठी शब्दप्रमाण. आणि शब्द देणारा आप्त नसेल तर?

नेमकं तेच झालं. माइनर्ट्झहागन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तर तो डेव्हिडसनचाच जुना नमुना, चोरून पुन्हा भरलेला! १८८४ नंतरचा एकमेव पुरावा गेला. मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून एक फोटोही पुढे आला होता. तो आपल्या गावातला साधा पिंगळा निघाला. फोटो खोटा नव्हता हो, वाचणारा चुकला.

इथे लांब लेन्सचं महत्त्व कळतं. ३५ मिलिमीटर फिल्मवर, २० मीटरवरच्या या पक्ष्याची प्रतिमा ५० च्या लेन्सने जेमतेम अर्धा मिलिमीटर येते. ५०० च्या लेन्सने पावणेसहा. मग दिसतं की माथ्यावर ठिपके जवळपास नाहीत आणि पोट स्वच्छ पांढरं आहे. दिसलं म्हणजे ओळख पटते, आणि पक्षी फांदीवरच राहतो.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ, भर दिवसा, रानपिंगळा समोर बसलेला! फोटो घेतले, चित्रफीत केली. गोळी झाडायची गरज उरली नाही. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत तो आपल्या मेळघाटातही सापडला.

आता अमरावती-अकोल्याची मुलं ६०० ची लेन्स घेऊन तिकडे जातात, चांगलंच आहे. पण काही जण मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला जवळ बोलावतात. विणीच्या दिवसांत तो बिचारा घुसखोर आला समजून घरटं सोडून धावतो. अहो, मग एवढी लांब लेन्स घेतली कशाला?

दुसरी अडचण चिठ्ठीचीच. जागा लिहिली नाही तर नोंद अपुरी. लिहिली तर पुढच्या रविवारी त्या सागाखाली दहा गाड्या. माझ्या मते नेमकी जागा, तारीख आणि वेळ वनविभागाला व अभ्यासकांना कळवावी. फेसबुकवर नुसतं 'मेळघाट' लिहिलं तरी पुरे.