सॅडल हंटिंग : वयस्क शिकाऱ्याची बैठक

अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करताना झाडाला टेकून लटकण्याची पद्धत. कमरेला बांधलेल्या कापडी झोळीचा पुढचा दोर खोडाभोवतीच्या दोराला अडकवतात. शिकारी खोडाकडे तोंड करून बसतो, नाहीतर पायांखालच्या छोट्या फळीवर उभा राहून मागे रेलतो. साठीनंतर खरा जाच होतो तो कमरेच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या चिमट्याचा. पुढचा दोर थोडा लांबवला की तो बहुधा कमी होतो. गुडघ्यांना गादी आणि पाठीला रुंद पट्टा हवाच. तरी आलटून पालटून बसणे-रेलणे याला तोड नाही, कारण निश्चल लटकल्यास पायांत रक्त साचते. सराव आधी जमिनीपासून हातभर उंचीवरच करावा.