मुंबईचा बर्फ आणि गुप्त उष्णता

पुणें जिल्ह्यांत शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या कांठीं, शिरूरच्या बाजूला, वडगाव रासाई हें गांव आहे. हा सगळा पट्टा उसाचा. हंगामांत या भागांतील एखाद्या गुऱ्हाळावर पहांटे गेलें, तर भल्या मोठ्या काहिलींत रस खदखदत असलेला दिसतो. चुलवाणांत चिपाडें सारणारा गडी क्षणाचीहि उसंत घेत नाहीं. मळी काढून झाली, रसाला उकळी फुटली, तरी त्यानंतरहि जाळ तितकाच चालू राहतो. आतां या उकळत्या रसांत उष्णतामापक बुडवून पाहावा, तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. पारा शंभर अंशांच्या किंचित् वर जातो आणि तेथेंच घुटमळत राहतो. जाळ कमी झालेला नाहीं, काहील कोणी उतरलेली नाहीं. मग एवढी उष्णता जाते कोठें?

गुळव्याला हा प्रश्न पडत नाहीं. त्याची नजर फेसावर आणि रंगावर असते. रसांतील बहुतेक पाणी उडून गेलें, म्हणजे मात्र ताप झपाट्यानें चढूं लागतो. सुमारें १०५ अंशांवर काकवी होते आणि ११८ च्या आसपास गूळ. त्या वेळीं गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यांत टाकून त्याची गोळी बोटांनीं दाबून पाहतो. क्षण चुकला तर आधण बिघडतें आणि शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टाला बट्टा लागतो. तासभर न हललेला ताप शेवटीं कां धांवत सुटतो, याचें कारण शोधावयास मात्र भीमेचा कांठ सोडून फार दूर जावें लागतें.

तें कारण शोधणारा पुरुष स्कॉटलंडांत ग्लासगो येथें रसायन व वैद्यक शिकवीत असे. जोसेफ ब्लॅक हें त्याचें नांव. जन्म १७२८ चा. त्या काळीं विद्वानांची समजूत अशी कीं, बर्फ एकदां वितळण्याच्या बिंदूला येऊन पोंचला, कीं आणखी थोडीशी ऊब लागतांच तो सर्वच्या सर्व पाणी होतो. ब्लॅकला हें पटेना. तसें असतें, तर थंड देशांत वसंतांतील पहिल्याच उबदार दिवशीं डोंगरावरचें सगळें हिम एकदम वितळून खालचीं गांवें वाहून गेलीं असतीं. प्रत्यक्षांत हिम आठवडेच्या आठवडे रेंगाळत वितळतें. १७६१ च्या सुमारास त्यानें ही गोष्ट मोजून पाहिली. कांचेचे दोन सारखे गोल घेतले. एकांत बर्फ, दुसऱ्यांत जवळ जवळ बर्फाइतकेंच थंड पाणी. आणि दोन्ही गोल एका मोठ्या दालनांत टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासांत फॅरनहाइटचे सात अंश तापलें. बर्फाच्या गोलाला वितळून तेवढ्याच तापावर येण्यास साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस पट वेळ. दालन तेंच, ऊब तीच. याचा अर्थ, बर्फांत एकसारखी उष्णता शिरत होती; पण बर्फाचें पाणी करण्यांतच ती खर्ची पडत होती आणि उष्णतामापकाला तिचा पत्ता नव्हता.

या उष्णतेला ब्लॅकनें ‘लपलेली’ या अर्थाचें लॅटिन नांव दिलें. मराठींत ती गुप्त उष्णता झाली. आजचीं शालेय पुस्तकें तिला अप्रकट उष्मा म्हणतात. आजच्या मोजमापानें एक ग्रॅम बर्फ वितळावयास सुमारें ८० उष्मांक लागतात आणि एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हावयास सुमारें ५४०. तेवढेंच पाणी एक अंशानें तापावयास एकच उष्मांक पुरतो. म्हणजे काहिलींतील पाणी पंचवीस अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास ७५ उष्मांक, आणि त्याची वाफ करून घालविण्यास त्याच्या सातपट. गुऱ्हाळावरील चिपाडांचा ढीग बहुतांशीं या गुप्त उष्णतेच्या पोटांत जातो.

परंतु गुप्त उष्णतेची सर्वांत नवलाची हकीकत गुळाची नव्हे, बर्फाची आहे. आणि ती घडली मुंबई बंदरांत.

हिंदुस्थानांत बर्फ अगदींच अपरिचित होता असें नाहीं. अबुल फझलानें ‘ऐन-इ-अकबरीं’त सोऱ्याच्या योगानें पाणी थंड करण्याची रीत दिली आहे, १५८६ पासून अकबराचा दरबार पंजाबांत असतां डोंगरांतून बर्फहि येऊं लागला. सर रॉबर्ट बार्कर यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें अलाहाबादेकडील बर्फ करण्याची पद्धत मांडली. उघड्या मैदानांत उथळ खड्डे खणावयाचे, तळाशीं उसाचीं किंवा मक्याचीं वाळलेलीं ताटें पसरावयाचीं, त्यांवर कच्च्या मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवावयाचें. हिंवाळ्यांतल्या निरभ्र, निवांत रात्रीं पहांटेपर्यंत त्यांवर बर्फाची पापडी धरे आणि सूर्योदयापूर्वीं मजूर ती गोळा करीत. कांहीं पाणी मातीच्या छिद्रांतून उडून जातांना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाई, आणि बरीचशी उष्णता उघड्या आकाशाकडे निघून जाई. उसाच्या ताटांमुळें जमिनीची ऊब वर येत नसे. पुस्तकी शास्त्र न शिकलेल्या त्या मजुरांची ही कारागिरी कोणत्याहि प्रयोगशाळेला शोभली असती.

मुंबईस हा उपाय चालण्यासारखा नव्हता. तेथें तशी थंडी नाहीं आणि हवा दमट. देशावर उन्हाळ्यांत माठांतील पाणी जितकें गार होतें तितकें मुंबईस होत नाहीं, याचेंहि कारण तेंच. पाण्याची वाफच होईना तर उष्णता नेणार कोण? तेव्हां मुंबईला बर्फ मिळाला तो पृथ्वीच्या पाठीवरून अर्धा फेरा घालून.

अमेरिकेंत बोस्टन शहरीं फ्रेडरिक ट्यूडर (१७८३–१८६४) नांवाचा एक व्यापारी होता. गांवाजवळचीं तळीं हिंवाळ्यांत गोठतात. तो फुकटचा बर्फ कापून उष्ण देशांत विकावा, ही कल्पना त्यानें १८०६ सालीं मार्टिनिक बेटावर एक जहाज पाठवून अमलांत आणली. लोक हंसले, नुकसान झालें, पुढें कर्जापायीं त्याला तुरुंगहि पाहावा लागला. तरी गृहस्थानें नाद सोडला नाहीं. १८२५ च्या सुमारास नॅथॅनियल वायेथ यानें घोड्यानें ओढावयाचा बर्फ कापण्याचा नांगर तयार केला. त्यामुळें सारख्या चौकोनी लाद्या निघूं लागल्या, त्या एकमेकींस घट्ट बिलगून रचतां येऊं लागल्या, आणि हवा लागणारें अंग कमी झालें. भोंवतीं लाकडाचा भुसा. भुशांत अडकलेली हवा उष्णतेला सहसा वाट देत नाहीं.

१२ मे १८३३ रोजीं ‘टस्कनी’ हें जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालें. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदां ओलांडून तें सप्टेंबरांत कलकत्त्यास लागलें, तेव्हां आंत सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. ऐंशी टन वितळला, म्हणून कोणी हळहळेल. पण ब्लॅकचा नियम हातीं धरून हिशेब केला, तर हळहळीच्या जागीं नवल उभें राहतें. ऐंशी टन बर्फ वितळविण्यास जेवढी उष्णता लागली, तेवढीच जर १८० टन साध्या पाण्यांत शिरली असती, तर तें पाणी शून्यावरून पस्तीस अंशांपर्यंत तापलें असतें. बर्फाला गुप्त उष्णता नसती, तर ढोबळ मानानें असें म्हणतां येईल कीं, ‘टस्कनी’नें कलकत्त्यास बोस्टनच्या तळ्याचें कोमट पाणी आणून ओतलें असतें. वितळलेल्या ऐंशी टनांनीं आपल्या अंगावर उष्णता झेलली, म्हणून उरलेले शंभर टन वांचले.

मुंबईस पहिला बर्फ १८३४ सालीं आला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीनें तो आणविला आणि चार आणे रत्तल या भावानें तो विकला गेला. शेठ जमशेटजी जीजीभाई यांनीं एका मेजवानींत पाहुण्यांस आईस्क्रीम दिलें. आणि यजमान व पाहुणे यांना पडसें झालें, अशी बातमी ‘मुंबई समाचारा’नें छापली. हा प्रसंग विनोदाचा खरा, परंतु ज्या शहरांत पिढ्यान् पिढ्या कोणी गोठलेलें पाणी पाहिलेंच नव्हतें, तेथें पहिल्या घांसाला पडसें होणें लोकांना अगदीं योग्य शिक्षेसारखें वाटलें असेल. पुढें १८४३ सालीं वर्गणी जमवून गोदीजवळ बर्फघर बांधण्यांत आलें. बर्फ गोऱ्या साहेबांच्या आणि धनिकांच्या मेजावर गेला, तसा तापकऱ्यांच्या कपाळावरहि ठेवला जाऊं लागला. मात्र सर्व मदार जहाजावर. तें यावयास उशीर झाला, कीं बर्फघर रितें आणि शहर पुन्हा माठाच्या पाण्यावर.

बोस्टनजवळच्या वॉल्डन तळ्यावर १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत असाच बर्फ कापला गेला. त्या वेळीं तळ्याकांठीं राहणाऱ्या थोरो या ग्रंथकारानें आपल्या विहिरीचें पाणी कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील लोक पीत असल्याची कल्पना लिहून ठेवली आहे.

मुंबईस हा बर्फ येत होता, त्याच काळांत मराठींत सृष्टिशास्त्राचीं पहिलीं पावलें पडत होतीं. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ सालीं निघालें होतें आणि शास्त्रविषयांना वाहिलेलें त्यांचें ‘दिग्दर्शन’ मासिक १८४० सालीं सुरू झालें. परंतु उष्णता म्हणजे काय, हें तेव्हां युरोपांतहि नीट ठरलें नव्हतें. ब्लॅकला उष्णता मोजतां आली, तरी ती वस्तूंत शिरणारें एक सूक्ष्म, वजनरहित द्रव्य आहे, हाच त्या युगाचा समज. रमफर्डनें १७९८ सालीं तोफांना भोंक पाडतांना घर्षणानें उष्णता निघतच राहते, ती संपत नाहीं, असें दाखविलें. जें संपत नाहीं तें द्रव्य कसें? १८४० नंतर जूल यानें कष्टाच्या मोजमापांनीं उष्णता ही गति आहे, हें सिद्ध करीत आणलें.

ही गति कोणाची? पाण्याच्या रेणूंची. बर्फांत ते एकमेकांना धरून ठराविक जागीं थरथरत असतात. ऊब शिरली कीं थरथर वाढते. उष्णतामापक ती दाखवितो. वितळण्याच्या बिंदूला मात्र येणारी उष्णता ही पकड सोडविण्यांत खर्चिली जाते आणि थरथर वाढत नाहीं, म्हणून पारा हलत नाहीं. पाण्यांत रेणु एकमेकांजवळच असतात, परंतु जागा बदलतात. वाफ होतांना त्यांना पार सुटून जावयाचें असतें, म्हणूनच वाफेचें मोल बर्फापेक्षां इतकें जबर.

परमाणु हा शब्द आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक दर्शनापासून आहे, याचा अभिमान रास्तच. पण तो परमाणु तर्काचा होता. मोजलेला परमाणु फार उशिरां आला. पाण्यांत तरंगणाऱ्या बारीक कणांची अखंड चळवळ ब्राउन यानें १८२७ सालीं पाहिली, आइनस्टाइननें १९०५ सालीं तिचें गणित मांडलें, आणि १९०८ पासून झाँ पेरँ यानें प्रयोगांनीं तें पडताळून रेणूंची संख्या काढली. मुंबईस पहिला बर्फ उतरल्याला तोंवर सत्तरांवर वर्षें लोटलीं होतीं.

वाफेची गुप्त उष्णता मात्र परमाणूंची वाट पाहत थांबली नाहीं. ब्लॅकचा मित्र जेम्स वॅट हा विद्यापीठाचीं उपकरणें दुरुस्त करीत असे. थोडीशी वाफ आपल्या सहापट वजनाचें पाणी उकळीस आणते, हें पाहून तो चकित झाला, तेव्हां ब्लॅकनें त्याला कारण समजावून दिलें. इंजिनाचें नळकांडें दर फेऱ्यास गार करण्यांत वाफेचा केवढा नाश होतो, हें वॅटनें ओळखलें आणि १७६५ सालीं वाफ थंड करण्यासाठीं निराळें पात्र योजिलें. १८५८ सालीं पुण्याहून पूर्वेकडे लोहमार्ग निघाला आणि वाफेचीं इंजिनें भीमेच्या दक्षिणेकडून धांवूं लागलीं.

बर्फाच्या जहाजांचा व्यापार बुडाला तोहि गुप्त उष्णतेमुळेंच. एखादा पातळ पदार्थ झपाट्यानें वायुरूप होऊं दिला, कीं तो भोंवतालची उष्णता ओढून घेतो. मग तोच वायु दाबून पुन्हा पातळ करावयाचा, आणि पुन्हा उडूं द्यावयाचा. या तत्त्वावर ईथर व अमोनियाचीं यंत्रें निघालीं. कलकत्त्यास १८७८ सालीं बर्फाचा कारखाना सुरू झाला, आणि पुढें थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या बर्फाला गिऱ्हाईक उरलें नाहीं. कलकत्त्याचें बर्फघर १८८२ सालीं पाडलें. मुंबईचेंहि पुढें गेलें. मद्रासचें, १८४२ सालीं समुद्रकांठीं बांधलेलें, तेवढें राहिलें. १८९७ सालीं स्वामी विवेकानंद परदेशांतून परतल्यावर तेथेंच उतरले होते, आणि ती वास्तु आतां त्यांच्या नांवानें उभी आहे.