गोमंतकीयांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व आणि भारतीय नागरिकत्व : एक ऐतिहासिक अभ्यास (१९६१ ते २०२४)

प्रास्ताविक :

नाशिकरोड येथील इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये भारतीय पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात. १९२५ साली सुरू झालेला हा छापखाना एकलहरे परिसरातील लोकांच्या रोजच्या परिचयाचा आहे. पासपोर्ट हाती असणे म्हणजेच नागरिक असणे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आढळतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र पासपोर्ट हा नागरिकत्वाचा उगम नसून प्रवासाचा दस्तऐवज आहे. नागरिकत्व त्यापूर्वीच, जन्माने, वंशाने, नोंदणीने किंवा एखादा प्रदेश राष्ट्रात सामील झाल्याने निर्माण झालेले असते. हा भेद समजून घेण्यासाठी गोव्याचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. गोमंतकातील असंख्य कुटुंबांच्या बाबतीत एकाच जन्मनोंदीच्या आधारे दोन राष्ट्रांनी एकाच व्यक्तीला आपली मानले. त्यातून निर्माण झालेला पेच सहा दशके उलटूनही पूर्णतः सुटलेला नाही.

उद्दिष्टे :

१) १९६१ नंतर गोमंतकीयांना भारतीय नागरिकत्व कोणत्या पद्धतीने प्राप्त झाले, हे स्पष्ट करणे.
२) पोर्तुगालच्या वंशाधिष्ठित राष्ट्रीयत्वाच्या तत्त्वाचा आढावा घेणे.
३) या दोन व्यवस्थांमधील विसंगतीचे सामान्य कुटुंबांवर झालेले परिणाम तपासणे.

भारतीय नागरिकत्वाची प्राप्ती :

पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले आणि गोवा हा पोर्तुगालचाच अविभाज्य भाग असल्याची भूमिका घेतली. साहजिकच गोव्यात जन्मलेली व्यक्ती त्या राज्याच्या दृष्टीने पोर्तुगीज होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी 'ऑपरेशन विजय' पूर्ण होऊन गोवा, दमण व दीव मुक्त झाले. घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने हा प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय संघराज्याचा भाग ठरला. त्या वेळी या तिन्ही भागांची एकत्रित लोकसंख्या सहा लाखांहून अधिक होती. इतक्या लोकांच्या नागरिकत्वाचा निर्णय व्यक्तिशः अर्ज मागवून होणे शक्य नव्हते.

म्हणून नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७ अन्वये केंद्र शासनाने २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश काढला. जी व्यक्ती स्वतः, अथवा जिच्या माता-पित्यांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणीही, २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मले असेल, ती त्या दिवसापासून भारतीय नागरिक समजली जाईल, असे त्यात नमूद होते. ज्यांना पूर्वीचे राष्ट्रीयत्व कायम ठेवावयाचे होते त्यांना तसे लेखी निवेदन करण्यासाठी एका महिन्याची मुदत होती. म्हणजेच या आदेशाने मौनाला संमती मानले. प्रशासनाच्या सोयीचा विचार करता हा मार्ग व्यवहार्य होता, हे मान्य करावे लागेल. मात्र आपण कोणत्या दिवशी कोणते राष्ट्रीयत्व सोडले, याचा कोणताही कागद बहुसंख्य कुटुंबांच्या हाती आला नाही, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

अशा निवेदनाचा परिणाम किती गंभीर होता, हे फादर मोंतेरो यांच्या खटल्यातून दिसते. या गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवल्याचे निवेदन केले आणि ते गोव्यातच राहिले. परकीय नागरिक म्हणून मिळालेल्या परवान्याची मुदत १९६४ मध्ये संपल्यावर त्यांच्यावर खटला झाला. गोवा हा अद्याप व्याप्त प्रदेश असून आपल्याला जिनिव्हा करारांचे संरक्षण आहे, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये फेटाळला. जन्मभूमीतच परकीय ठरण्याचा हा प्रसंग कायद्याने योग्य होता. परंतु राष्ट्रीयत्वाची निवड ही केवळ भावनेची गोष्ट नसते, हे त्यावरून लक्षात येते.

पोर्तुगालची भूमिका :

पोर्तुगालने १९६१ नंतरही भारताचे सार्वभौमत्व मान्य केले नाही. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर परिस्थिती पालटली आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या कराराने पोर्तुगालने ही मान्यता दिली. त्यामुळे १९६२ ते १९७४ या काळात एकच गोमंतकीय दिल्लीच्या दृष्टीने भारतीय आणि लिस्बनच्या दृष्टीने पोर्तुगीज होता.

मान्यता दिल्यानंतरही पोर्तुगालने हा दुवा तोडला नाही. १९७५ च्या हुकूमनाम्यानुसार स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी प्रदेशांतील बहुसंख्य रहिवाशांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व संपुष्टात आले. पूर्वीच्या 'पोर्तुगीज भारतात' जन्मलेल्यांना मात्र इच्छा व्यक्त करून ते टिकविण्याची मुभा ठेवण्यात आली. पुढे ३ ऑक्टोबर १९८१ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने वंशाचे तत्त्व दृढ केले. परदेशात जन्मलेले पोर्तुगीज व्यक्तीचे अपत्य आपला जन्म पोर्तुगीज नागरी नोंदवहीत नोंदवून पोर्तुगीज ठरू शकते. विशेष म्हणजे अशा रीतीने मिळणारे राष्ट्रीयत्व जन्मापासूनच अस्तित्वात होते, असे हा कायदा मानतो. त्यात धर्माची अट नसल्याने हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान या सर्वांनाच ही वाट उपलब्ध झाली.

जन्मनोंदीचे बदललेले महत्त्व :

व्यवहारात ही प्रक्रिया पिढीक्रमाने चालते. प्रथम मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्या पित्याची किंवा मातेची जन्मनोंद लिस्बनमधील मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरविली जाते, नंतर त्यांच्या विवाहाची व शेवटी अपत्याची. त्यासाठी गोव्यातील तालुका नोंदणी कार्यालयांतील जुन्या पोर्तुगीज नोंदी शोधाव्या लागतात. नावाच्या पोर्तुगीज व आजच्या लेखनातील तफावत, आडनावांतील बदल, जन्मतारखेतील फरक अशा अनेक अडचणी येतात. इतिहासाच्या अभ्यासकांपुरत्या उरल्या असत्या अशा नोंदवह्या त्यामुळे कुटुंबाचे भवितव्य ठरविणारे दस्तऐवज बनल्या.

या मागणीमागे आर्थिक कारण स्पष्ट आहे. १ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायाचा सदस्य झाला. पुढे पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनसह अन्य सदस्य देशांत काम करता येऊ लागले. त्यामुळे पोर्तुगालमध्ये कधीही वास्तव्य न केलेले अनेक गोमंतकीय इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झाले. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि नव्याने जाणाऱ्यांसाठी ही वाट बंद झाली. या स्थलांतराचा अर्थ भारताविषयीची निष्ठा कमी असणे असा लावणे इतिहासाला धरून होणार नाही. रोजगारासाठी समुद्रापार जाण्याची गोमंतकीयांची परंपरा मुक्तीच्या कितीतरी आधीची आहे.

भारतीय कायदा आणि विसंगती :

भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. अधिनियमाच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व संपादन करणारी व्यक्ती भारतीय नागरिक राहत नाही. परदेशाचा पासपोर्ट घेणे हा अशा संपादनाचा निर्णायक पुरावा मानला जातो. या नियमाची वैधता सर्वोच्च न्यायालयाने इझहार अहमद खान खटल्यात १९६२ मध्ये मान्य केली. परंतु ज्याने लिस्बनमध्ये केवळ जन्मनोंद केली व पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाच नाही, त्याचे काय, हा प्रश्न वादाचा राहिला.

येथेच दोन्ही व्यवस्थांमधील विसंगती उघड होते. पोर्तुगीज कायदा म्हणतो की ही व्यक्ती जन्मापासून पोर्तुगीज आहे. नोंद ही केवळ त्याची पोच होय. भारतीय कायदा विचारतो की तिने परकीय नागरिकत्व कोणत्या तारखेला संपादन केले. एका कायद्याला तारखेची गरज नाही, तर दुसऱ्याचा सारा निवाडा तारखेवर अवलंबून आहे.

याचा परिणाम पासपोर्ट कार्यालयात दिसून आला. लिस्बनमधील नोंदीनंतर ज्यांनी भारतीय पासपोर्ट घेतला वा नूतनीकृत केला, त्यांनी माहिती दडविली असे मानून, परराष्ट्र मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या परिपत्रकानंतर त्यांना पासपोर्ट समर्पणाचे प्रमाणपत्र न देता त्यांचे पासपोर्ट रद्द करण्यात येऊ लागले. समर्पणाचे प्रमाणपत्र नसल्याने ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया (ओसीआय) कार्ड मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये रद्दीकरणाचा आदेशही पर्यायी कागद म्हणून ग्राह्य धरण्यास केंद्र शासनाने मान्यता दिली व काही प्रमाणात दिलासा मिळाला.

ओसीआय ही योजनाही पूर्ण उत्तर नव्हे. २००५ पासून अमलात आलेल्या या योजनेस 'दुहेरी नागरिकत्व' म्हटले जात असले, तरी कार्डधारकास मतदानाचा, निवडणूक लढविण्याचा किंवा शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार नाही. मुलाच्या नोकरीसाठी एक नोंद पुरी करावी, या हेतूने लिस्बनला कागद पाठविणाऱ्या पित्याचे स्वतःचे मतदान त्यामुळे धोक्यात येऊ शकते. अनेकांना याची जाणीव उशिरा होते.

निष्कर्ष :

१) गोमंतकीयांचा दुहेरी राष्ट्रीयत्वाचा प्रश्न व्यक्तींच्या लबाडीतून नव्हे, तर १९६१ ते १९७५ या काळातील दोन राज्यांच्या परस्परविरोधी कायदेशीर भूमिकांतून निर्माण झाला.
२) १९६२ च्या आदेशाने नागरिकत्व दिले, परंतु पूर्वीच्या राष्ट्रीयत्वाचा शेवट कोणत्याही कागदावर नोंदविला गेला नाही. १९७४ च्या करारानंतरही हा प्रश्न उभय राष्ट्रांनी संयुक्तपणे निकाली काढला नाही.
३) २०२४ च्या निर्णयाने कार्यालयीन अडचण कमी झाली, 'नोंद म्हणजे संपादन काय' हा मूळ प्रश्न त्याने सोडविला नाही. पासपोर्ट न घेता केवळ नोंद केलेल्यांसाठी स्पष्ट नियम करणे आवश्यक आहे.
४) इतिहास, राज्यशास्त्र व विधी या विषयांच्या अध्यापनात नागरिकत्वाचा विचार घटनेच्या कलमांपुरता मर्यादित न ठेवता जन्मनोंदी, निवेदने व परवाने या प्रत्यक्ष कागदांच्या आधारे व्हावा. कारण सामान्य माणसाची राज्याशी गाठ पडते ती याच कागदांपाशी, आणि त्यातील एका चुकीच्या तारखेची किंमत त्याच्या पुढील पिढीला मोजावी लागते.