संग्राह्य कार्डांची प्रतवारी

संग्राह्य कार्डांची प्रतवारी : खेळाडू, नट, देवदेवता किंवा काल्पनिक पात्रे यांची छापील कार्डे छपाईपासून आजवर किती निर्दोष राहिली आहेत हे तज्ज्ञाकडून तपासून घेऊन त्यांना अंकांत प्रत देण्याची पद्धत. तपासलेले कार्ड पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचात कायमचे बंद केले जाते आणि कवचावरील चिठ्ठीत प्रत छापली जाते. अमेरिकेतील ‘प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर’ (पीएसए) ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली आणि तिची १ ते १० ही मोजपट्टी सर्वत्र रूढ झाली. ‘एसजीसी’ आणि ‘बेकेट’ या संस्था त्याच दशकात, तर ‘सीजीसी’चा कार्डविभाग २०२० मध्ये सुरू झाला. भारतीय संग्राहक आपली कार्डे बहुधा एकत्र गोळा करून अमेरिकेला पाठवतात.

निकष : चार बाबी पाहिल्या जातात. चित्र समासांच्या मध्यभागी आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा अखंड आहेत का आणि पृष्ठभाग ओरखडा, डाग व मोड यांपासून मुक्त आहे का. बेकेटची संस्था या चारही बाबींना वेगळे गुण देते. तिच्याकडे एकंदर प्रत ही चार गुणांची साधी सरासरी नसते. सर्वांत कमी गुण एकंदर प्रतीला खाली ओढतात. तिथे ९.५ ही प्रतही उत्कृष्ट समजली जाते आणि चारही बाबींत १० मिळालेल्या कार्डाला काळी चिठ्ठी लागते. पीएसएच्या मोजपट्टीत अर्ध्या गुणाच्या प्रती २००८ पासून आहेत, पण ९ आणि १० यांच्या मध्ये काही नाही.

कापणी : सर्वोच्च प्रत दुर्मीळ असण्याचे पहिले कारण छापखान्यातच घडते, म्हणून येथे त्याचा विस्तार आवश्यक आहे. कार्डे एकेक छापली जात नाहीत. मोठ्या तावावर ती ओळीने मांडलेली असतात. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे १९८६ चे प्रसिद्ध ‘फ्लीअर’ कार्ड १३२ कार्डांच्या तावावर छापले गेले होते. छापून वाळलेल्या तावांचा गठ्ठा यंत्राच्या पात्याखाली जातो. गठ्ठा किंचित सरकला किंवा वरच्या आणि तळच्या तावांत फरक पडला, की सगळ्या ओळीचे समास एका बाजूला झुकतात. नेहमीचे कार्ड साधारण ६४ × ८९ मिमी. असते. डाव्या-उजव्या समासांची बेरीज ६ मिमी. धरली, तर ५५/४५ या प्रमाणात एक समास ३.३ आणि दुसरा २.७ मिमी. भरतो, म्हणजे फरक ०.६ मिमी. पीएसएकडून १० मिळवायचे तर दर्शनी बाजूस एवढाच फरक चालतो. २०२५ पूर्वी ६०/४० पर्यंत सूट होती. मागील बाजूस ७५/२५ पर्यंत चालते. पाते बोथट झाले असेल तर कडेला कागदाचे तंतू उभे राहतात. गडद रंगाच्या कडेवर तर तेवढ्यानेही रंगाचा टवका उडून आतला पांढरा कागद दिसतो. काळ्या समासांची १९७१ ची ‘टॉप्स’ बेसबॉल कार्डे उच्च प्रतीत फार थोडी मिळतात, ती याचमुळे. रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके न बसणे, शाईचा ठिपका पडणे, चकाकीच्या थरात बुडबुडा राहणे हे दोषही कार्ड कोणाच्या हाती जाण्यापूर्वीचेच असतात. संग्राहकाने पुडके उघडताक्षणी कार्ड आवरणात घातले, तरी ते नऊच्या पुढे जाईल अशी खात्री देता येत नाही.

गिरगावातील छपाई : छपाई आणि कापणीचे असे दोष मुंबईच्या जुन्या चित्रांतही दिसतात. गिरगाव-काळबादेवी परिसर हा मुंबईच्या छापखान्यांचा जुना पट्टा. निर्णयसागर छापखाना जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये काढला. खटाववाडीत ‘मौज’ छापखाना होता. संग्राह्य चित्रांच्या दृष्टीने महत्त्वाचा तो राजा रविवर्मा यांचा शिळाछाप कारखाना. तो १८९४ मध्ये सुरू झाला. आरंभीची जागा काही लेखक गिरगावात सांगतात, तर काही घाटकोपरला. १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. दगड जरा हलला की ओठांचा रंग ओठांबाहेर जाई. तिथली देवदेवतांची चित्रे घरोघरी चौकटीत गेली. चौकटीच्या मापाला बसावे म्हणून समास कापले गेले, काहींवर जर, टिकल्या आणि कापड चिकटवले गेले. आजचा संग्राहक कारखान्याचे नाव असलेला अखंड समास शोधतो आणि तो क्वचितच सापडतो. तरीही चिकटवलेली जर हा दोष मानणे अन्यायाचे आहे. भक्ताने चित्राचे केलेले ते अलंकरण असून, त्याचे स्वतंत्र मोल मान्य करणारे संग्राहक आता वाढले आहेत.

गमची कार्डे : १९८७ च्या रिलायन्स विश्वचषकाच्या सुमारास ‘बिग फन’ या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रे मिळत. त्यांवर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक बेरीज झाली की चित्रे देऊन बक्षीस घ्यायचे. त्या स्पर्धेतला भारत-इंग्लंड उपांत्य सामना ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे मैदानावर, म्हणजे गिरगावातील खोताच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर झाला. सुनील गावसकर यांचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना. अशा चित्रांचा मुख्य उपयोग अदलाबदल आणि बेरीज हाच होता. वाड्यांतील मुलांनी ती खिशात कोंबली, रबरबँडने बांधली, पायऱ्यांवर मांडून मोजली आणि बेरीज पुरी होताच परत दिली. जी उरली ती बहुधा बेरजेत न बसलेली. गमची साखर आणि पूड कागदाला चिकटून डाग पडत तो भाग वेगळाच. अमेरिकी मोजपट्टीवर अशी चित्रे तीन-चारच्या पुढे जाणे कठीण, मात्र मुंबईच्या क्रिकेटवेडाचा पुरावा म्हणून तीच अधिक बोलकी आहेत. पुढच्या काळात कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे, वेफर्सच्या पाकिटातील टॅझो आणि ‘टॉप्स’ची आयपीएल कार्डे आली.

अस्पर्श साठे : जुन्या कार्डांना वरची प्रत मिळते ती बहुतेक वेळा ती खेळात न आल्यामुळे. बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे टॉप्स कार्ड याचे उत्तम उदाहरण. न खपलेली खोकी टॉप्स कंपनीने १९६० च्या आसपास समुद्रात टाकली, असे तिचे अधिकारी साय बर्गर सांगत. १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये न हाताळलेला एक साठा निघाला. त्यातील एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. त्याचीही प्रत ९.५ होती.

फेरफार : प्रत वाढवण्यासाठी कडा कापणे, कोपऱ्यांना रंग लावणे, मोड दाबून सपाट करणे असे प्रकार होतात. सर्वांत गाजलेले प्रकरण बेसबॉलपटू होनस वॅगनरच्या ‘टी २०६’ सिगारेट कार्डाचे. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅक्नॉल यांनी ते १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले. पीएसएने तपासलेले ते पहिलेच कार्ड आणि त्याला ८ ही प्रत मिळाली. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेले. लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात, या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या अशी कबुली दिली. कापलेले कार्ड नियमाने अंकांतील प्रतीस पात्र नसते.

संख्या आणि किंमत : संस्था कोणत्या कार्डाला कोणती प्रत किती वेळा दिली याची गणना जाहीर करतात. जॉर्डनच्या उपरोक्त कार्डाच्या तपासलेल्या २० हजारांहून अधिक नगांपैकी तीनशेच्या थोड्या वर नगांना पीएसएने १० दिले. त्यांपैकी एकाला जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलर मिळाले. ९ आणि १० यांतील फरक भिंगाशिवाय दिसत नाही, पण किमतीत तो अनेक पटींचा असतो. त्यामुळे कवच फोडून तेच कार्ड पुन्हा तपासणीस पाठवले जाते. प्रत माणूस ठरवतो, म्हणून दुसऱ्या खेपेस ती बदलूही शकते. अशा फेऱ्यांमुळे जाहीर गणनेत एकच कार्ड दोनदा मोजले जाण्याचा संभव असतो.

स्वाक्षरी : कार्डावरील स्वाक्षरीची प्रत वेगळी दिली जाते.

जतन : मुंबईत कागदाचा मोठा शत्रू पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील सापेक्ष आर्द्रता सरासरी ८५ टक्क्यांच्या आसपास असते. कार्डाची चकाकीची बाजू आणि साधी बाजू सारखी ओल शोषत नाहीत, त्यामुळे कार्डाला बाक येतो. पिवळे-तांबूस ठिपके पडतात, कसर चकाकी खाते. खोताच्या वाडीतील लाकडी, कौलारू, व्हरांड्यांची घरे हवा खेळती राहावी अशी बांधलेली आहेत. माणसांना ती सुखाची, कागदाला तितकी नाहीत. तेथे कार्डे बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात किंवा लोखंडी ट्रंकेत ठेवू नयेत. पीव्हीसीच्या पाकिटांऐवजी पॉलिएस्टरची पाकिटे वापरावीत, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात आणि रबरबँड कधीही लावू नये. संस्थेचे प्लॅस्टिकचे कवच हवाबंद नसते, म्हणून प्रत मिळालेल्या कार्डालाही हीच काळजी लागते.