कोंडाण्याचा बलक आणि आपले विहार

आपल्या कर्जतहून राजमाचीच्या पायथ्याकडे निघाले की कोंदिवडे गाव लागते आणि तेथून पुढे डोंगर चढून कोंडाणे लेण्यांत जाता येते. पावसाळ्यात धबधबा बघायला तिथे माणसांची रीघ लागते. पण चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डाव्या हाताला एक भग्न मूर्ती आहे आणि तिच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे, तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. ओळीचा अर्थ असा की, कान्हाचा अंतेवासी बलक याने हे केले.

अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ओळीत ना राजाचे नाव आहे ना सावकाराचे. काम करणाऱ्या शिष्याचे नाव आहे आणि त्याला शिकवणाऱ्या गुरूचे.

धम्मबंधू-भगिनींनो, लेणे वरून खाली कोरत आणतात. भिंत बांधताना दगड चुकला तर काढून दुसरा बसवता येतो, पण लेण्यात छिन्नी चुकली की चुकलीच. अशा कामात शिष्याच्या हाती काम सोपवणे ही काय साधी गोष्ट आहे? तरीही त्या काळच्या गुरूंनी ते केले, म्हणून सह्याद्रीत पिढ्यान् पिढ्या लेणी कोरली गेली.

काम सोपवण्याची ही रीत संघात खुद्द तथागतांनी घालून दिलेली आहे. विनयपिटकाच्या महावग्गात ती हकीकत आहे. सारनाथला पहिले ६० भिक्खू तयार झाल्यावर भगवंतांनी त्यांना वेगवेगळ्या वाटांनी धम्म सांगायला पाठवले. लोक प्रव्रज्या मागू लागले. भिक्खू त्यांना लांबलांबून भगवंतांकडे घेऊन येत आणि वाटचालीने सगळेच थकून जात. हे पाहून भगवंतांनी सांगितले की, ज्या त्या ठिकाणी तुम्हीच त्रिशरण देऊन प्रव्रज्या आणि उपसंपदा द्या.

पुढे यात चुकाही झाल्या. उपसेन नावाच्या भिक्खूने स्वतःला एकच वर्ष झालेले असताना दुसऱ्याला उपसंपदा दिली. भगवंतांनी त्याची कानउघाडणी केली. पण तेवढ्यावरून त्यांनी हा अधिकार भिक्खूंकडून काढून घेतला का? नाही. ज्याला दहा वर्षे झाली आहेत आणि जो खरोखर जाणता आहे त्यानेच उपसंपदा द्यावी, असा नियम केला. तसेच नवीन भिक्खूने आचार्यांजवळ राहून शिकावे असेही ठरवले. अशा शिकणाऱ्यालाही विनयात अंतेवासीच म्हटले आहे.

आता अलीकडचा इतिहास बघा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपले कर्जत-खालापूर त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातलेच. अध्यक्ष प. पू. डॉ. बाबासाहेब होते, पण परिषदेच्या तयारीत रा. बा. मोरे यांच्यासारखे इथलेच कार्यकर्ते झटले होते. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले. मागे सत्याग्रहाचा भार कोणी वाहिला? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांचे वय अवघे २७ होते. मंदिराचे दरवाजे बंद, गावोगावच्या लोकांवर बहिष्कार, मारहाण, तुरुंग, हे सगळे त्यांना तिथल्या तिथे निभावावे लागले. बाबासाहेब त्यांना पत्रे लिहीत. ३ मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह आता कायमचा थांबवून समाजाची शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी असे कळवले. म्हणजे चळवळीची दिशा बाबासाहेब ठरवत आणि रोजचे काम नाशिकची माणसे सांभाळत.

त्याचे मोल पुढे कळले. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि समाज पोरका झाला. पण १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला, त्याच्या पुढे दादासाहेब होते. नाशिकला जबाबदारी पेललेला माणूस तोपर्यंत तयार झालेला होता.

हा इतिहास आपल्या वस्तीतल्या विहारापर्यंत आणायला हवा. पुष्कळ ठिकाणी विहाराची किल्ली, वर्गणीची पावती-बुके, माइक, १४ एप्रिलची मिरवणूक, सगळे एकाच कार्यकर्त्याकडे असते. तो मनापासून राबतो, त्याच्या कष्टांना तोड नाही. पण पोरांनी काही करायला घेतले की, "राहू दे, तुला नाही जमणार, मीच करतो," असे तो म्हणतो. मग पोरे मागे सरतात. आणि तो काका आजारी पडला, की विहाराला महिनोन्‌महिने कुलूप! तेव्हा आपण म्हणतो, तरुणांना धम्माची आवड राहिली नाही. त्यांच्या हातात आपण कधी काय दिले होते?

म्हणून येत्या वर्षावासात आषाढी ते अश्विनी पौर्णिमेपर्यंत "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे वाचन शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींकडे द्या. पालीचे उच्चार आधी नीट शिकवा, मग समोर बसून ऐका. जमाखर्चाची वही महिला मंडळातल्या एखाद्या ताईकडे द्या आणि दर पौर्णिमेला सर्वांसमोर तिच्याकडून हिशेब वाचून घ्या. चूक झाली तर उपसेनाची गोष्ट आठवा. नियम करा, समजावून सांगा, पण दिलेले काम काढून घेऊ नका.

कान्हाने आपल्या हाताने काय कोरले ते आज आपल्याला ठाऊक नाही. त्याचे नाव आपल्यापर्यंत पोचले ते बलकाच्या कामामुळे.

नमो बुद्धाय! जयभीम!