सैल पडलेला गळा : उपचार

मराठी बोलण्यात मागची ती मान आणि पुढचा तो गळा. वयाच्या ज्या खुणांवर हे उपचार होतात, त्या बहुतेक गळ्यावरच्या : हनुवटीखालची चरबी, लोंबती कातडी आणि बोलताना ताणून वर येणाऱ्या उभ्या दोऱ्या. या दोऱ्या म्हणजे कातडीखालच्या प्लॅटिस्मा या पातळ स्नायूच्या कडा. हनुवटीखालची रेषा गळ्याला मिळते तिथला कोन १०५ ते १२० अंशांचा असावा, हा एलेनबोजेन व कार्लिन यांचा १९८० मधील निकष शल्यचिकित्सक आजही मानतात.

बिघाड कोणत्या थरात आहे, यावर सगळे अवलंबून. गळा ताणायला सांगून हनुवटीखाली चिमटा घेतात. तरीही चिमटीत येते ती चरबी स्नायूवरची. निसटते ती स्नायूखालची. पहिलीवर लायपोसक्शन चालते, किंवा पेशींची आवरणे फोडणाऱ्या डीऑक्सिकोलिक आम्लाची इंजेक्शने (अमेरिकेत मान्यता २०१५). दुसरीपर्यंत ही इंजेक्शने पोहोचवायची नसतात. तिथे शस्त्रक्रियाच हवी. ही साधी तपासणी न करता सुया टोचणे हा रुग्णावर अन्याय आहे.

दोऱ्यांवर बोट्युलिनम टॉक्सिन काही महिने उपयोगी पडते. मात्रा जास्त झाली तर गिळायला त्रास होतो. अल्ट्रासाउंड व रेडिओफ्रिक्वेन्सी उष्णतेने कोलॅजन आकसवतात. फरक बेताचाच पडतो, आणि कातडी फार सैल असेल तर जवळपास नाहीच.

शस्त्रक्रियेत हनुवटीखाली छोटा छेद घेऊन स्नायूच्या दोन्ही कडा मध्यभागी शिवतात. जोएल फेल्डमन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या ‘कॉर्सेट’ पद्धतीत हा टाका बंद आवळावा तसा वरखाली फिरतो. जादा कातडी कानामागच्या छेदातून ओढून कापतात. रक्त साठून गाठ होणे हा प्रमुख धोका. पुरुषांत आणि रक्तदाब चढलेल्यांत तो अधिक. कानाच्या पाळीला बधिरपणा येऊ शकतो, खालच्या ओठाची हालचाल मंदावू शकते. धूम्रपान करणाऱ्यांत कातडीचा रक्तपुरवठा तुटून ती मरण्याची भीती असते. चरबी हावरेपणाने काढली तर मध्ये खळगा पडतो, आणि तो भरून काढणे मूळ शस्त्रक्रियेहून अवघड.

कंठास्थी जन्मतःच खाली असेल तर कितीही टाके घातले तरी कोन हवा तसा येत नाही. हनुवटी आखूड असेल, तर मात्र तिथे रोपण बसवूनच गळा बराच रेखीव दिसू लागतो.